‘म्हणजे’च्या अलीकडचं: अभिवचन धरून चालायचं कसं

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपत आली की आमच्या मंडळीत एक ताटली फिरते. तिच्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातली एक ओळ. आपण एक उचलायची, ते आपलं वर्षाचं वचन. एका वर्षी माझ्या शेजारी नुकताच बाप्तिस्मा झालेली एक मुलगी बसली होती. तिला यिर्मया २९:११ मिळालं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव सांगतो ते वचन. तिने ती चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमागे जपून ठेवली. मार्चमध्ये तिची नोकरी गेली. रात्री साडेनऊला तिचा फोन आला, “काकू, मग ते वचन माझ्यासाठी नव्हतंच का?”

त्या प्रश्नाचं उत्तर एका फोनमध्ये देता आलं नाही. पुढचे काही महिने आम्ही दोघी बसून जे शिकलो, तेच इथे क्रमाने मांडते. तुम्ही विश्वासात नवीन असाल आणि ‘देवाची अभिवचनं आपल्याला मिळतात’ असं ऐकलं असेल, पण मिळतात म्हणजे नेमकं काय होतं आणि आपण काय करायचं हे कोणी समजावलं नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

पहिलं काम: अख्खा अध्याय वाचा

आपण मंडळीत ‘वचन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. शास्त्रातली कुठलीही ओळ म्हणजे वचन, आणि देवाने दिलेला शब्द म्हणजेही वचन. आपल्या मराठी शास्त्रात दुसऱ्या अर्थासाठी ‘अभिवचन’ असा वेगळा शब्दही आहे. पण बोलताना आपण दोन्ही एकच करून टाकतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रत्येक वचन अभिवचन नसतं. काही वचनं आज्ञा असतात, काही इतिहास, काही विलाप, काही तर देवाच्या शत्रूंच्या तोंडची वाक्यं असतात. मत्तय ४ मध्ये सैतानानेही ९१ वं स्तोत्र येशूला म्हणून दाखवलं होतं: मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. शब्द शास्त्रातलेच होते, वापर खोटा होता. येशूने त्याला शास्त्रातल्याच दुसऱ्या आज्ञेने उत्तर दिलं: देवाची परीक्षा पाहू नको.

म्हणून चिठ्ठीवरची, कॅलेंडरवरची किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ओळ आवडली की आधी शास्त्र उघडा आणि ती ज्या अध्यायात आहे तो सबंध वाचा. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि कधी, एवढं पाहा.

आम्ही यिर्मयाचा २९ वा अध्याय उघडला. ते एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ऐकायला किती गोड! यिर्मया मात्र सांगतो की ७० वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण बाबेलातच मरणार होते. हिताच्या संकल्पाचं ते प्रसिद्ध वाक्य या ७० वर्षांच्या लगेच नंतर येतं. आणि त्याआधी, पाचव्या ते सातव्या वचनात, कामांची यादी आहे: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा.

ती मुलगी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हे तर चिठ्ठीवर नव्हतं.”

नव्हतंच. चिठ्ठीवर जागा तरी किती असते! पण देवाने ते दिलं होतं ते या सगळ्यासकट.

मग दुसऱ्यांना लिहिलेलं अभिवचन आपल्यापर्यंत येतं कसं? प्रेषित पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:२०) लिहितो की देवाची जितकी अभिवचनं आहेत तितकी ख्रिस्तात ‘होय’ आहेत. यिर्मयाचं पत्र माझ्या नोकरीबद्दल नाही, पण ज्या देवाने बंदिवासातल्या लोकांना सोडून दिलं नाही तोच देव ख्रिस्तात माझा झाला आहे, त्याचा स्वभाव बदललेला नाही. काही अभिवचनं तर थेट सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठीच आहेत. मी तुझा त्याग करणार नाही (इब्री १३:५). ज्याला ज्ञान उणे आहे त्याने मागावं, देव दोष न लावता देतो (याकोब १:५). युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे (मत्तय २८:२०). नवख्याने सुरुवात अशा वचनांपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. यांत चुकीच्या अर्थाला वाव कमी असतो.

दुसरं: ‘म्हणजे’ शोधा

आपल्या मराठी शास्त्रात एक छोटा शब्द आहे, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची सवय लावून घ्या. तो शब्द ‘म्हणजे’. पहिल्याने त्याचं राज्य व नीतिमत्त्व मिळवण्यास झटा, *म्हणजे* त्यांच्याबरोबर याही सर्व गोष्टी तुम्हाला मिळतील (मत्तय ६:३३). कशाचीही चिंता करू नका, आभार मानत आपली मागणी देवाला कळवा, *म्हणजे* देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील (फिलिप्पै ४:६-७). कुठे हेच काम ‘जर... तर’ करतं: जर आपण आपली पापं पदरी घेतली तर तो क्षमा करील (१ योहान १:९).

‘म्हणजे’च्या पलीकडचं आपल्याला पाठ असतं. अलीकडचं बहुधा नसतं. प्रत्येक अभिवचनाला अशी अट असतेच असं नाही. वर दिलेलं इब्री १३:५ पाहा, तिथे देव आपण होऊन सोबत राहायचं कबूल करतो. पण अट जिथे आहे तिथे ती वगळून पुढचा भाग धरून बसणं म्हणजे देवाचं अर्धंच ऐकणं झालं.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा

मी ‘अट’ हा शब्द वापरला की नवीन विश्वासणाऱ्यांच्या डोळ्यांत भीती दिसते. विशेषतः जे लोक नवस, उपास, व्रतं करत मोठे झाले त्यांच्या. त्यांना वाटतं, इथेही हिशेबच आहे: आज्ञा पाळली की देव देणार, चुकलो की कापून घेणार.

अब्राहामाचं आयुष्य क्रमाने वाचा म्हणजे ही भीती जाते. उत्पत्ती १५:६ मध्ये त्याने देवावर विश्वास ठेवला आणि देवाने ते नीतिमत्त्व म्हणून गणलं. सुंतेची आज्ञा १७ व्या अध्यायात येते. आधी विश्वास, स्वीकार, नातं, आज्ञा नंतर. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात याच क्रमावर बोट ठेवतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती कृपा नव्हे, असं तो तिथे लिहितो. आपण मजूर म्हणून आत आलेलो नाही, आपण वारस आहोत (गलती ४:७). तारण येशूने वधस्तंभावर पुरं केलं, आपण आज्ञा पाळल्याने त्यात भर पडत नाही.

मग आज्ञा कशाला? वारसाचंच उदाहरण घ्या. वडिलांचं शेत मुलाला मिळायचं असतं, म्हणून वडील त्याला लहानपणापासून बांधावर नेतात, पाणी धरायला शिकवतात, बी कधी पेरायचं ते दाखवतात. पोरगं ऐकत नसलं तरी ते पोरगंच राहतं. पण न ऐकणाऱ्याच्या हाती आलेलं शेत पडीक राहतं. देवाने देऊ केलेलं आपल्या हातात पिकावं, म्हणून आज्ञा. आणि ऐकणं प्रेमातून यावं: माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल, असं येशू म्हणाला (योहान १४:१५).

तिसरं: अडलेली आज्ञा कोणती, ते स्वतःला विचारा

हे मी पुस्तकातून शिकले नाही.

वडील गेल्यावर दादाने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. तलाठ्याकडे नोंद करायची आहे, उद्याच सही हवी, एवढंच म्हणाला. विचारलं असतं तर मी आनंदाने दिली असती. पण ज्या पद्धतीने कागद पुढे आला, त्याने मन फाटलं. सही केली आणि चार वर्षं त्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. त्या चार वर्षांत मला झोप नीट लागत नव्हती. रोज रात्री उशाशी फिलिप्पै ४:६-७ म्हणायचे. शांती, शांती, बुद्धीच्या पलीकडची शांती. ती यायची नाही. मी देवालाच विचारायचे, तुझं अभिवचन माझ्या घरात का चालत नाही?

एका रविवारी आमच्या पाळकांनी तोच अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. दुसऱ्या वचनात पौल युवदीयेला विनंती करतो आणि सुंतुखेला विनंती करतो: प्रभूमध्ये एकचित्त व्हा. मंडळीतल्या दोन बाया, आपसात बिनसलेल्या, नावानिशी. माझं आवडतं वचन तिथून चारच ओळींवर होतं आणि इतक्या वर्षांत मी ते दुसरं वचन वाचलेलंच नव्हतं.

नाताळच्या आधी मी करंज्यांचा डबा घेऊन गेले. दादा ओसरीवर चपलेचा अंगठा शिवत बसला होता. त्याने वर पाहिलं, काही बोलला नाही. सुई तशीच चामड्यात अडकून राहिली. वहिनी आतून म्हणाली, “या ना ताई,” आणि स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला. मी म्हटलं, “दादा, माझ्या मनात तुझ्याबद्दल राग आहे. तो मी सोडायला आलेय.” तो एवढंच म्हणाला, “चहा गार होतोय.” त्या दिवशी त्याने माफी मागितली नाही, नंतरही नाही. शेतही परत मिळालं नाही. पण मी त्या रात्री झोपले. हे मी साक्ष म्हणून सांगते: शांती आली तेव्हा बाहेर काहीच बदललं नव्हतं.

म्हणून माझा सल्ला असा. एखादं अभिवचन बराच काळ कोरडं वाटत असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: देवाने मला आधीच सांगितलेली आणि मी बाजूला ठेवलेली गोष्ट आहे का? बहुतेक वेळा उत्तर पाच सेकंदांत मिळतं. घेतलेले पैसे, बोललेलं खोटं, न केलेला फोन. नाही मिळालं, तर स्वतःला खणत बसू नका. प्रत्येक कोरड्या दिवसामागे पाप असतं असं शास्त्र सांगत नाही. दोष नसताना संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी नेमकी हीच चूक केली होती.

आणि एक सांगायलाच हवं. क्षमा करणं म्हणजे मारहाणीच्या घरात परत जाणं नव्हे, आपला कायदेशीर हक्क सोडणंही नव्हे. मी सही आधीच केली होती म्हणून प्रश्न फक्त मनाचा उरला होता. तुमचा प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा असेल तर आधी सुरक्षित जागी जा, माणसं सोबत घ्या, गरज पडली तर पोलिसांत जा. कोणी वचन दाखवून तुम्हाला थांबवत असेल तर तो वचनाचा गैरवापर आहे.

चौथं: पाऊल छोटं असू द्या, पण टाका

यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देनेच्या काठी उभे आहेत. सुगीचे दिवस, नदी दुथडी भरलेली. पाणी दुभंगेल आणि मग आपण जाऊ, असं झालं नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, वाहणाऱ्या याजकांचे पाय काठच्या पाण्यात बुडाले, तेव्हा वरचं पाणी थांबलं. पेत्राने रात्रभर जाळी टाकली, काही मिळालं नाही. सकाळी थकलेला असताना तो येशूला म्हणाला, तरी आपल्या सांगण्यावरून मी जाळी सोडतो (लूक ५:५). त्या ‘तरी’मध्ये उत्साह नाही, खात्रीही फारशी दिसत नाही. ऐकणं मात्र आहे. नवीन माणसाला तेवढं पुरतं.

नामानाला तर छोटेपणाचाच राग आला होता. अरामाचा सेनापती तो, अंगावर कोड. अलीशाने बाहेर येऊन भेटसुद्धा घेतली नाही, निरोप पाठवला की यार्देनेत सात वेळा बुडी मार. तो भडकला: दिमिष्काच्या नद्या याहून चांगल्या नाहीत का? त्याच्या चाकरांनी त्याला समजावलं की संदेष्ट्याने एखादी मोठी गोष्ट सांगितली असती तर आपण केली नसती का? (२ राजे ५:१३) मला या गोष्टीत ते चाकर फार आवडतात. प्रत्येक नवीन विश्वासणाऱ्याजवळ असं एक माणूस असावं, जे शांतपणे म्हणेल: अहो, साधीच तर गोष्ट आहे, करून बघा.

आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. तरुण वयात दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या आणि अनाथ, उपाशी मुलींना घेऊन आल्या. एवढ्या जणींना ठेवायला तयार इमारत नव्हती. केडगावला शाळेच्या खर्चासाठी घेतलेली शेतजमीन होती, तिथे राहुट्या-झोपड्यांत सुरुवात झाली. त्याचंच पुढे मुक्ती मिशन झालं. अनाथांचा पिता अशी देवाची ओळख स्तोत्र ६८:५ मध्ये आहे. रमाबाईंनी देवावर भिस्त ठेवली आणि मुलींच्या राहण्या-खाण्याची सोयही केली. दोन्ही एकाच वेळी.

त्या मुलीने काय केलं? यिर्मयाच्या यादीतून तिने दोन गोष्टी निवडल्या. रोज सकाळी दोन अर्ज पाठवायचे. आणि ‘नगराचं भलं’ म्हणून आपल्या चाळीतल्या दोन मुलांचा गणिताचा अभ्यास घ्यायचा. दुसरी नोकरी लागायला सात महिने लागले. पगार आधीपेक्षा कमी आहे.

पाचवं: थांबताना इश्माएल जन्माला घालू नका

देवाने अब्राहामाला संतती देऊ केली होती. तो हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. मध्ये २५ वर्षं. ८६ व्या वर्षी त्याने आणि सारेने ठरवलं की देवाला जरा हातभार लावू, आणि दासी हागारेपासून इश्माएल झाला. त्याचं दुःख सगळ्यांत जास्त कोणी भोगलं? हागारेने. वाट पाहण्यातली आपली घाई बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी महागात पडते, हे ध्यानात ठेवा. लग्न जमत नाही म्हणून विश्वास लपवून जमवलेलं स्थळ, काम अडलं म्हणून टेबलाखालून दिलेलं पाकीट, ही आजच्या काळातली हागारेची गोष्ट.

थांबताना करायचं काय? मी एक वही ठेवते. डाव्या पानावर अभिवचन, संदर्भ आणि तारीख. उजव्या पानावर ‘म्हणजे’च्या अलीकडचं: आज मला काय करायचं आहे. महिन्यातून एकदा मागची पानं चाळायची. काही पानांवर उत्तराची तारीख पडते, काही कोरी राहतात. शंका आल्या तर त्याही लिहायच्या. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असं रडत म्हणणाऱ्या बापाला येशूने परत पाठवलं नाही (मार्क ९:२४). पडलात तर १ योहान १:९ कडे परत या, त्याच दिवशी. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि तरी त्याच्याच हाती मेंढरं सोपवली गेली.

दोन ठिकाणी सावध राहा

कोणी म्हणालं की अमुक रक्कम ‘पेरा’ म्हणजे अभिवचन फळेल, तर तिथून उठा. दान द्या, दशमांश द्या, आनंदाने द्या. पण देवाचा शब्द विकत मिळत नाही. देवाचं दान विकत घ्यायला जादूगार शिमोनाने पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावलं ते प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये वाचा.

आणि औषध बंद करू नका. आरोग्यासाठी जरूर प्रार्थना करा, मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्या, याकोब ५ मध्ये तसं सांगितलंच आहे. साखरेची, दम्याची, मनाच्या आजाराची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर मिळालं (२ करिंथ १२:९). पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कोणाची छाती आहे?

सुरुवात कुठून करायची

उत्पत्तीच्या १२ व्या अध्यायापासून रोज एक अध्याय. बारा दिवसांत तुम्ही २३ व्या अध्यायाशी याल. एकट्याने वाचू नका, एखादा सोबती धरा.

ती मुलगी आणि मी दर गुरुवारी संध्याकाळी हेच वाचत होतो. २३ व्या अध्यायात सारा वारलेली आहे. सगळा कनान देश ज्याला देऊ केला होता, त्या अब्राहामाकडे बायकोला पुरायला हातभर जमीन नाही. तो एफ्रोनाला ४०० शेकेल चांदी तोलून देतो आणि मकपेलाचं शेत विकत घेतो, गुहेसकट, बांधावरच्या झाडांसकट. त्या देशात त्याच्या मालकीची झालेली जमीन तेवढीच. मी वाचून थांबले. तिने पेन्सिल घेतली आणि शास्त्राच्या समासात बारीक अक्षरात दोनच शब्द लिहिले: पहिला तुकडा.